उशिराचा हिशेब

मुंबईकडून कळंबोलीत शिरले की रस्त्याच्या कडेला लोखंडच लोखंड दिसते. सळयांचे भारे, पत्र्यांच्या थप्प्या, ट्रेलरवर साखळदंडांनी जखडलेल्या कॉइली. या लोखंड-पोलाद बाजारापासून जवळच, नवीन पनवेलच्या सेक्टर १८ मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे चाळीस हजार नॅनोटेस्लाच्या आसपास असते आणि त्यातला एका नॅनोटेस्लाचा फरकही या लोकांच्या वहीत नोंदला जातो. अशांनी लोखंडाच्या बाजाराचा शेजार पत्करावा, याची पहिल्यांदा गंमत वाटते.

अर्थात चुंबकीय मोजणी इथे होत नाही. ती अलिबागला होते, आणि त्यामागे सव्वाशे वर्षांपूर्वीचा एक शहाणपणाचा निर्णय आहे. पनवेलच्या इमारतीत ज्या कामाचा हिशेब होतो त्यात आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींचा वाटा मोठा आहे. एकाच उपग्रहाकडून एकाच क्षणी निघालेल्या, पण वेगवेगळ्या बँडवरच्या लहरी एकत्र ऐकायच्या आणि त्यांतली कोणती किती उशिरा पोहोचली ते पाहायचे, असे ते काम. घरच्या रेडिओलाही तीन-चार बँड असत. पण खटका फिरवला की एक बंद होऊन दुसरा सुरू होई. सगळे बँड एकाच वेळी ऐकणारा रेडिओ कोणाला आणि कशाला लागला, त्याची ही गोष्ट आहे.

ट्रामच्या आधी

ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा उभारली ती खगोलनिरीक्षणासाठी आणि जहाजांना अचूक वेळ देण्यासाठी. १८४१ पासून तिथे चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. एल्फिन्स्टन संस्थेतले प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांनी ते काम सुरू केले. पुढे चार्ल्स चेंबर्स आणि १८९६ पासून नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस, हे पहिले भारतीय संचालक, यांच्या हाताखाली या नोंदींची साखळी अखंड राहिली.

विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे घाटू लागले. रुळांतून वाहणारा वीजप्रवाह कुलाब्याच्या चुंबकीय सुयांना सुखाने राहू देणार नाही हे मूस यांना दिसत होते. त्यांनी पर्यायी जागा शोधली ती अलिबागला. पोरबंदरच्या दगडात, चुंबकाला ओढ लावील असे लोखंड टाळून नवी वेधशाळा बांधली गेली आणि १९०४ मध्ये ती सुरू झाली. पण कुलाबा लगेच बंद केला नाही. सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन्ही जागांच्या आकड्यांत कायमचा फरक किती आणि तात्पुरता किती, हे त्या दोन वर्षांत कळले. म्हणूनच कुलाब्याची जुनी मालिका आणि अलिबागची नवी मालिका आज एकाच धाग्यात ओवता येते. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. तोवर सुया सुरक्षित जागी पोहोचल्या होत्या.

दोन ठिकाणी एकदम मोजा, फरक काढा आणि त्या फरकावरून बोला, ही रीत इथे नीट लक्षात ठेवावी. पुढे ती आकाशात जाणार आहे.

कारण सुया हलवणारे सगळे काही जमिनीत नव्हते. १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभी आलेल्या सौर वादळात कुलाब्याची क्षैतिज चुंबकीय तीव्रता सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी कोसळली होती. ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, भूचुंबकत्व संस्थेचे त्यावेळचे संचालक गुरबक्ष लखिना आणि शोभना अॅलेक्स यांनी २००३ साली त्या जुन्या नोंदीतून हा आकडा जगापुढे ठेवला. अशी वादळे तर दूरच, रोजच्या शांत दिवशीही दुपारकडे सुया ठरावीक तऱ्हेने सरकत. बॅलफोर स्ट्युअर्ट यांनी १८८२ मध्ये तर्क मांडला, की वर हवेत कुठेतरी वीज वाहून नेणारा थर असावा. पुढे रेडिओने तो सिद्ध केला. १९०१ मध्ये मार्कोनीचा संदेश पृथ्वीच्या बाकाला वळसा घालून अटलांटिकपार गेला. १९२४ मध्ये एडवर्ड अॅपल्टन यांनी लहरी परतवणारा थर किती उंचीवर आहे ते मोजले. सूर्याच्या अतिनील किरणांनी हवेच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि त्यांचा थर बनतो. हेच आयनांबर. शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन लावून बसलेल्या पिढीला त्याचे नाव ठाऊक नसेल, पण त्याचा स्वभाव ठाऊक होता. गाणे रंगात येते तोच आवाज दूर जाई आणि कडवे संपता संपता परत येई.

सुईची हालचाल समजायची तर हे आयनांबर समजायला हवे, आणि इथे एक अडचण होती. जमिनीवरून वर लहर सोडली तर ती फार तर थराच्या सर्वांत दाट भागापर्यंत जाऊन परतते. ठरावीक मर्यादेहून उच्च वारंवारतेची लहर आरपार निघून जाते, परत येतच नाही. म्हणजे खालून पाहणाऱ्याला छपराची फक्त आतली बाजू दिसे. वरच्या बाजूला किती इलेक्ट्रॉन आहेत हे मोजायचे, तर दिवा छपराच्या वर टांगायला हवा होता.

घाटातली दोन वाहने

तो दिवा ४ ऑक्टोबर १९५७ ला लागला. स्पुटनिकमध्ये एक वॅट शक्तीचा ट्रान्समीटर होता आणि तो दोन वारंवारतांवर बोलत असे: २०.००५ आणि ४०.००२ मेगाहर्ट्झ. एकीवरचा ठोका संपला की दुसरीवर. साधारण तीन आठवड्यांत बॅटऱ्या संपल्या. पण दोन वारंवारता ठेवण्यामागे जो विचार होता तो टिकला.

तो समजण्यासाठी पनवेलकरांना बोरघाट पुरे. एक मोटारसायकल आणि एक भरलेला ट्रक पनवेलहून एकाच क्षणी निघाले असे धरा. सपाटीवर दोघांचा वेग सारखाच. चढ लागला की मोटारसायकल थोडी मंदावते, ट्रक पुष्कळ मंदावतो. खंडाळ्याला उभ्या असलेल्या माणसाला ना घाट दिसतो, ना ती वाहने केव्हा निघाली हे माहीत असते. तरी मोटारसायकल आल्यावर ट्रक किती वेळाने आला एवढे त्याने पाहिले, तर घाट किती अवघड होता हे त्याला सांगता येईल. तेही कळले, की मोटारसायकलला घाटाने किती अडवले हेही निघते आणि त्यावरून ती निघाल्याची खरी वेळ ठरवता येते.

आयनांबरात ट्रक म्हणजे कमी वारंवारतेची लहर. नियम सोपा आहे: उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. वारंवारता निम्मी केली तर उशीर चौपट. वाटेत एका चौरस मीटरच्या उभ्या खांबात किती इलेक्ट्रॉन भेटले ते या उशिरावरून निघते. त्याचे एकक दहाचा सोळावा घात एवढ्या इलेक्ट्रॉनांचे. एका एककामागे १५० मेगाहर्ट्झच्या लहरीला सुमारे १८ मीटर जादा अंतर चालल्यासारखे होते, ४०० मेगाहर्ट्झच्या लहरीला अडीच मीटर.

हे दोन आकडे उगाच घेतले नाहीत. स्पुटनिकचे बीप ऐकताना अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख यांनी उपग्रहाची कक्षा नुसत्या आवाजाच्या चढउतारावरून काढली. फ्रँक मॅक्लूर यांनी प्रश्न उलटा केला, की कक्षा माहीत असेल तर ऐकणारा कुठे आहे हे निघेल. त्यातून ट्रान्झिट ही पहिली उपग्रह-दिशादर्शन व्यवस्था जन्मली आणि तिच्या उपग्रहांनी १५० व ४०० मेगाहर्ट्झ हे दोन बँड घेतले. एक ५० ची तिप्पट, दुसरी आठपट. दोन्ही एकाच घड्याळाच्या ठोक्यातून निघालेल्या. उपग्रहाच्या वेगामुळे येणारा बदल दोन्हींमध्ये त्याच प्रमाणात असतो, त्यामुळे दोन्ही लहरी एका मापात आणून वजा केल्या की तो बदल नाहीसा होतो. मागे उरते ते फक्त आयनांबर. ट्रान्झिट ज्यांना जागा सांगे त्या पाणबुड्यांसाठी हे उरलेले म्हणजे चूक. ते मोजायचे ते टाकून देण्यासाठी.

रिसीव्हर बांधणाऱ्याची कसोटी इथे सुरू झाली. असा उपग्रह क्षितिजावरून क्षितिजावर जायला पंधरा-वीस मिनिटे घेतो. आधी एक बँड ऐकू, मग खटका फिरवून दुसरा, असे चालणार नाही. तोवर वाट बदललेली असते. म्हणून दोन बँडना दोन अँटेना किंवा दोन्ही पेलणारी एक, प्रत्येकासाठी वेगळा फिल्टर, वेगळा अॅम्प्लिफायर. पण वारंवारता खाली उतरवणारा ठोका मात्र दोन्ही बाजूंना एकाच स्फटिकाचा. दोन बाजूंना दोन घड्याळे दिली तर आकाशातला फरक कोणता आणि घड्याळांतला कोणता, हे ओळखता येत नाही. खंडाळ्याचा पहारेकरी एकच हवा, आणि त्याच्या मनगटावर घड्याळही एकच.

उटीतले एक वर्ष

भारतात या विद्येचे मोठे पर्व आले ते टीव्हीच्या मागून. ३० मे १९७४ ला अमेरिकेने सोडलेला एटीएस-६ हा उपग्रह पुढच्या वर्षी ३५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे भारताला दिसेल असा, आणला गेला. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत त्याने शाळेचे, शेतीचे, आरोग्याचे कार्यक्रम दाखवले. तो ‘साइट’चा प्रयोग लोकांच्या लक्षात राहिला. त्याच उपग्रहावर आणखी एक ट्रान्समीटर होता, ज्याचा प्रेक्षकांशी संबंध नव्हता. तो ४०, १४० आणि ३६० मेगाहर्ट्झ अशा तीन वारंवारतांवर सतत चालू राही.

भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या आर. जी. रस्तोगी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर उटीला हे तिन्ही बँड ऐकण्याचे केंद्र चालवले. उटी का? आयनांबर मोजण्याची तोवरची रुळलेली पद्धत वेगळी होती. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून जाताना लहरीचे प्रतल फिरते, त्या फिरण्यावरून इलेक्ट्रॉनांचा अंदाज बांधत. तिला एकच बँड पुरे. पण चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. तिथे क्षेत्ररेषा जमिनीला समांतर, उत्तर-दक्षिण धावतात आणि पश्चिमेकडच्या उपग्रहाकडून येणारी लहर त्यांना जवळजवळ काटकोनात छेदते. लहर फिरायलाच तयार नसते. युरोप-अमेरिकेत चालणारी सोपी युक्ती इथे लंगडी पडे. उशिरांचा फरक मोजणारी अनेक बँडची पद्धत मात्र क्षेत्र कुठल्या दिशेला आहे ते विचारत नाही. उशीर मोजला की उपग्रहापर्यंतचे सगळे इलेक्ट्रॉन हिशेबात येतात, तर प्रतल फिरण्यात फक्त खालचे, बलवान क्षेत्रातले. दोन्ही मोजून वजाबाकी केली की अगदी वरच्या विरळ प्रदेशाचाही अंदाज मिळे.

एका वर्षानंतर एटीएस-६ निघून गेला. रस्तोगी पुढे भूचुंबकत्व संस्थेचे संचालक झाले. ही संस्था १९७१ साली हवामान खात्यापासून वेगळी होऊन स्वायत्त झाली होती, आणि सुयांच्या जोडीला अँटेना तिच्या घरात आल्या होत्या.

मधल्या काळात डोक्यावर कायम राहणारा बहुबँडी दिवा नव्हता, तेव्हा जो मिळाला त्यावर भागवले. ७३ अंश पूर्वेवर अमेरिकी नौदलाचा फ्लीटसॅट हा दळणवळण उपग्रह होता. त्याचे संदेश काय आहेत याच्याशी कोणाला कर्तव्य नव्हते. २४४ मेगाहर्ट्झवरची त्याची अखंड लहर पुरेशी होती. १९९१ च्या सुमारास देशभरात तिरुनेलवेलीपासून वर उत्तरेपर्यंत साध्या रिसीव्हरांची साखळी उभी राहिली. महाराष्ट्रात कोल्हापूर तीत होते. सूर्य मावळल्यावर या रिसीव्हरांच्या कागदावरची सरळ रेघ अचानक करवतीच्या दात्यांसारखी होई. विषुववृत्तावर संध्याकाळी आयनांबराचा तळ वर उचलला जातो, त्यात पोकळ बुडबुडे उठतात आणि शेकडो किलोमीटर वर चढतात. त्यांतून येणारी लहर चांदणीसारखी लुकलुकते. शेजारी-शेजारी ठेवलेल्या रिसीव्हरांवरून हे बुडबुडे कोणत्या दिशेला किती वेगाने सरकतात ते काढता येते. २००५ ते २०१० या काळात संस्थेच्या संचालक असलेल्या अर्चना भट्टाचार्य यांचे पुष्कळ संशोधन या लुकलुकीवरच आहे.

एका बँडवर लुकलुक दिसते. पण वाटेत एकूण किती इलेक्ट्रॉन भेटले ते कळत नाही. त्यासाठी पुन्हा दोन बँड हवे होते.

मजकूर न कळता ऐकणे

ते आयते मिळाले. ट्रान्झिटचे काम १९९६ अखेर थांबले, तेव्हा त्याचे उरलेले उपग्रह फेकून न देता आयनांबराच्या अभ्यासासाठी चालू ठेवले गेले. पाणबुड्यांनी जे वजा करून टाकले तेच आता हवे होते. ‘क्रॅबेक्स’ या भारतीय प्रयोगात थिरुवनंतपुरमपासून उत्तरेकडे एका रेखांशावर १५० व ४०० मेगाहर्ट्झ एकदम ऐकणारे रिसीव्हर बसवले गेले. एकच उपग्रह अनेक ठिकाणांहून ऐकला की इस्पितळातल्या सीटी स्कॅनसारखा आयनांबराचा उभा काप मिळतो. मे २००३ मध्ये गेलेल्या जीसॅट-२ वर इस्रोने याच प्रयोगाचा ट्रान्समीटर पाठवला.

मात्र खरा सुकाळ आला तो जीपीएसने. त्याचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून दोन बँडवर बोलतात: १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झ. एकाच १०.२३ मेगाहर्ट्झच्या ठोक्याची एक १५४ पट, दुसरी १२० पट. १९८२ साली बाजारात आलेल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीआय-४१०० या दोन्ही बँडच्या रिसीव्हरात चार उपग्रह आणि दोन बँड एकाच वाटेवरून इतक्या झपाट्याने आळीपाळीने जात, की प्रत्येकाला आपल्याकडेच लक्ष आहे असे वाटावे. पुढे चिप स्वस्त झाल्या आणि प्रत्येकाला स्वतःची वाट मिळाली.

अडथळा दुसराच होता. अचूक संकेत अमेरिकी लष्कराचा. ३१ जानेवारी १९९४ पासून तो कायमचा सांकेतिक केला गेला. दुसऱ्या बँडवर त्यावेळी तोच एक होता. मग सामान्य शास्त्रज्ञाने दुसरा बँड कसा ऐकायचा? रिसीव्हर बांधणाऱ्यांनी यावर काढलेली वाट दाद देण्यासारखी आहे. दोन्ही बँडवर तोच गुप्त मजकूर जातो. तो काय आहे हे कळण्याची गरजच नाही. एका बँडवरची लहर दुसरीवर ठेवायची आणि दोन्ही तंतोतंत जुळेपर्यंत सरकवत न्यायची; किती सरकवावे लागले तोच उशिरातला फरक. दोन माणसे अनोळखी भाषेत तेच स्तोत्र म्हणत असतील, तर शब्द न कळताही दुसरा किती मागे आहे हे कान ओळखतो, तसे. आयनांबराच्या अभ्यासकाला तेवढेच हवे होते.

२ मे २००० रोजी अमेरिकेने सामान्यांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. उरलेल्या चुकांत आता सर्वांत मोठी होती आयनांबराची. वाटेत ५० एकके इलेक्ट्रॉन असतील तर पहिल्या बँडवर सुमारे ८ मीटर, दुसऱ्यावर १३ मीटरांहून जास्त. सूर्य जोरात असताना आपल्याकडे दुपारी याच्या दुपटीचे आकडे येतात.

यात महाराष्ट्राची जागा विशेष आहे. चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा इलेक्ट्रॉन कारंज्यासारखे वर उचलले जातात आणि क्षेत्ररेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना पडतात. त्यामुळे सर्वांत दाट पट्टा विषुववृत्तावर नसून उत्तरेला, अहमदाबाद-भोपाळच्या आसपास असतो. शिशिरकुमार मित्रा आणि अॅपल्टन यांनी १९४६ मध्येच या विचित्र वाटणीकडे लक्ष वेधले होते. तिरुनेलवेलीची खळगी आणि अहमदाबादचा उंचवटा यांच्या मधल्या उतारावर पनवेल येते. इथे शंभर-दोनशे किलोमीटर उत्तर-दक्षिण सरकले की हिशेब बदलतो. सपाट आकाश गृहीत धरणारी परदेशी सूत्रे इथे चुकतात ती यामुळे.

आणि यंत्राच्या स्वतःच्या चुका आहेतच. खंडाळ्याला मोटारसायकलची नोंद करणारा एक आणि ट्रकची करणारा दुसरा, असे समजा, आणि दोघांच्या हालचालीत सेकंदभराचा फरक आहे. तो फरक घाटाच्या खात्यावर पडेल. दोन बँडचे फिल्टर वेगळे, त्यामुळे रिसीव्हरमध्येच दोन्ही लहरींना कमी-जास्त उशीर होतो. एका नॅनोसेकंदाचा फरक म्हणजे जवळजवळ तीन एकके इलेक्ट्रॉनांची चूक. तापमान बदलले, केबल बदलली, की हा आकडाही हलतो. ती चूक बहुधा पहाटे पकडली जाते. सूर्योदयापूर्वी आयनांबर सर्वांत विरळ असते. तेव्हा आलेखात इलेक्ट्रॉनांची संख्या उणे दिसू लागली, की समजायचे, आकाश बरोबर आहे, रिसीव्हरचा हिशेब चुकला आहे. मूस यांनी कुलाबा आणि अलिबाग दोन वर्षे एकत्र चालवले होते ते यासाठीच: दोन यंत्रांतला आपलाच फरक आधी ओळखायचा.

वायफायच्या शेजारी

हा हिशेब विमानासाठी जिवाचा असतो. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांनी उभारलेली ‘गगन’ ही व्यवस्था नेमकी इथे उपयोगी पडते. जमिनीवरची केंद्रे, नागपूर त्यांतले एक, दोन बँडवर ऐकून आयनांबराचा नकाशा बनवतात. पाच-पाच अंशांच्या जाळीवर तो नकाशा उपग्रहामार्फत विमानाला मिळतो, आणि एकाच बँडचा रिसीव्हर असलेले विमान आपली जागा दुरुस्त करते. ज्याला दुसरा कान नाही त्याला दुसऱ्यांच्या दोन कानांचा उपयोग होतो. विषुववृत्तीय आकाशाखाली अशी व्यवस्था बसवणारा भारत पहिला. २०१५ च्या एप्रिलपासून ती विमानांना उतरण्याच्या मार्गावर उंचीचेही मार्गदर्शन देण्यास प्रमाणित झाली. एप्रिल २०२२ मध्ये किशनगढला इंडिगोच्या एटीआर विमानाने तिच्या आधारे उतरून दाखवले. पनवेल तालुक्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा हा विषय पनवेलकरांच्या अक्षरशः डोक्यावर आला.

दरम्यान आपले स्वतःचे उपग्रहही आले होते. १ जुलै २०१३ ला पहिला आणि २८ एप्रिल २०१६ ला सातवा, नाव ‘नाविक’. त्यांनी दोन बँड एकमेकांपासून चांगले दूर ठेवले: ११७६.४५ आणि २४९२.०२८ मेगाहर्ट्झ. ५० एककांच्या आयनांबरात पहिल्याला साडेचौदा मीटरांचा फटका, दुसऱ्याला जेमतेम सव्वातीन. ट्रक आणि मोटारसायकलमधला फरक जितका मोठा, तितका घाट नीट मोजला जातो. शिवाय हे उपग्रह भारताच्या आकाशात जवळपास ठरलेल्या जागी घिरट्या घालतात, त्यामुळे आयनांबराच्या एकाच कोपऱ्यावर दिवसरात्र नजर ठेवता येते.

पण वरच्या बँडचा शेजार वाईट निघाला. घराघरांतले वायफाय २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झमध्ये चालते. खोलीतल्या राउटरचा आरडाओरडा आणि हजारो किलोमीटरांवरून आलेली, गोंगाटाच्याही खाली दबलेली कुजबुज यांच्यामध्ये मोजकीच मोकळी जागा. दोन्ही वेगळे करणारा फिल्टर धारदार हवा, पण त्याने स्वतःचा उशीर वाढवता कामा नये. ट्राम गेली आणि राउटर आला, एवढाच काय तो फरक. मोबाइलच्या चिपांना आधीपासून ओळखीचा असलेला १५७५.४२ चा बँड २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ पासून ‘नाविक’मध्येही आला.

सह्याद्री ओलांडला की हीच रीत वेगळ्या अंतरांसाठी वापरलेली दिसते. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणला ऑस्ट्रेलियाहून आलेल्या १.८ मीटरच्या ३२ तबकड्या ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याकडे रोखल्या, तेव्हापासूनची ती परंपरा. नारायणगावजवळ खोडदला त्यांनी उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या तीस तबकड्या सुरुवातीला मोजक्या बँडवर ऐकत आणि एका वेळी जेमतेम ३२ मेगाहर्ट्झची फीत त्यांना पेलत असे. २३३ आणि ६१० मेगाहर्ट्झसाठी मात्र एकात एक बसवलेला फीड होता, दोन्ही एकदम ऐकणारा. २०१९ पर्यंत झालेल्या नूतनीकरणानंतर १२० ते सुमारे १४५० मेगाहर्ट्झचा बहुतेक पल्ला मोकळा झाला आणि एका वेळी ४०० मेगाहर्ट्झ घेता येऊ लागले. पल्सार ताऱ्यांच्या ठोक्यांवर नजर ठेवणारे भारतीय शास्त्रज्ञ तिथे तबकड्यांचे गट पाडतात. काही ३०० ते ५०० वर, काही १२६० ते १४६० वर, एकाच वेळी. ताऱ्यांमधल्या विरळ इलेक्ट्रॉनांनी ठोक्याला किती उशीर केला ते वजा झाल्याशिवाय गुरुत्वीय लहरींचा मंद हेलकावा दिसत नाही. जून २०२३ मध्ये युरोपीय आणि भारतीय पल्सार गटांनी मिळून त्या हेलकाव्याचे पुरावे मांडले, त्यामागे ही वजाबाकी होती. वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा नियमही तोच, बोरघाटाचाच. घाट मात्र हजारो प्रकाशवर्षांचा.

दोन वह्या

१० मे २०२४ च्या रात्री दोन दशकांतले सर्वांत मोठे चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले. लडाखच्या आकाशात लाल आभा दिसली. अशा रात्री भूचुंबकत्व संस्थेच्या दोन्ही वह्या एकत्र उघडतात. एकीत चुंबकीय सुयांची घसरण, कुलाब्यापासून चालत आलेली. दुसरीत उपग्रहांच्या दोन-दोन बँडमधले फरक, ज्यांवरून कारंजे कुठे फुगले आणि बुडबुडे कुठवर चढले ते कळते. एक वही जमिनीवरून वर पाहते, दुसरी वरून खाली, आणि दोन्हींच्या मध्ये तो एकच थर आहे.

आता दोन बँडचा रिसीव्हर प्रयोगशाळेत राहिलेला नाही. २०१८ पासून तो मोबाइलमध्येही येऊ लागला. पनवेलच्या एसटी स्टँडवर रिक्षा बोलावणाऱ्या माणसाच्या खिशातला असा फोन उपग्रहाचे दोन्ही बँड एकदम ऐकतो, उशिरातला फरक काढतो, त्यावरून रिक्षा फलाटाच्या कोणत्या बाजूला आली हे ठरवतो आणि तो फरक विसरून जातो. तिथून काही मिनिटांवर, लोखंडाच्या बाजाराजवळच्या त्या इमारतीत, तोच फरक तारीख-वेळ घालून जपून ठेवला जातो.